कंपनीचे ब्रेक साकु

आमचे घरमालक रस्त्याने चालता चालता उभ्या गाड्यांच्या चाकांना हात लावत. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू, लहान मुलाचा ताप बघतात तशी. गाडी नुकतीच येऊन थांबलेली दिसली की यांचा हात तिकडे गेलाच म्हणून समजा. एक चाक, दुसरं चाक, मग वळसा घालून पलीकडची दोन. चारही सारखी गरम लागली की मान हलवून पुढे चालू लागायचे. एखादं जास्त तापलेलं असलं तर गाडीवाला येईपर्यंत तिथेच थांबायचे आणि त्याला सांगायचे, की तुझा मागचा डावा ब्रेक धरून राहतोय, दाखवून घे.

माझं ऑफिस इंदिरानगरमध्ये होतं. "तू दिवसभर कुठं बसतोस ते बघायचं आहे की" म्हणून एकदा ते माझ्याबरोबर मेट्रोने आले. मेट्रोत जागा असली तरी ते बसत नसत आणि दांडीही धरत नसत. दोन्ही हात मागे बांधून मधोमध उभे राहायचे. स्टेशन आलं आणि पायांना काही कळलं नाही की खूश व्हायचे. ब्रेक लावलेला कळता कामा नये, गाडी थांबलेली कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी ऑफिस बघून झाल्यावर मी कॉफी आणायला पलीकडे गेलो आणि परत बघतो तर हे एका मोठ्या पांढऱ्या गाडीच्या चाकाशी उकिडवे बसलेले, आणि गाडीची मालकीणबाई इंग्रजीत त्यांच्यावर ओरडतेय. वॉचमनही धावत आला. ते उठले, धोतर झटकलं आणि शांतपणे कानडीत तिला सांगू लागले, की पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेकचे पॅड संपत आलेत. मी दोन्ही हातांत कॉफी घेऊन रस्त्याच्या पलीकडेच उभा होतो. लगेच पुढे झालो नाही. हा माणूस माझ्याबरोबर आहे हे ऑफिसच्या दारात कुणाला कळू नये असं मला वाटलं, हे इथेच सांगून टाकतो. बाई तणतणत गाडीत बसली, निघाली आणि कोपऱ्यावर ब्रेक लावताच पुढच्या चाकातून लोखंड घासल्याचा आवाज आला. मग मी पुढे गेलो. "ऐकलंस?" एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातली कॉफी घेतली.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णा म्हणायचो. राजाजीनगरमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं राहिलो. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. "आलो, आणि परत जायचं राहून गेलं," असं ते सांगत. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं होतं, की मी पुण्याहून आलो त्या पहिल्या महिन्यात त्यांच्या निम्म्या बोलण्याला नुसतंच हसायचो. मी पुण्याचा, म्हणजे मराठी शुद्ध कोणती आणि बाकी सगळं कसं असावं हे मला आधीच ठाऊक होतं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

नोकरी त्यांनी एकाच ठिकाणी केली. गाड्यांचे ब्रेक बनवणारा कारखाना, तिथला तपासणी विभाग, छत्तीस वर्षं. तयार झालेला ब्रेक गाडीला लावायचा, गाडी पळवायची, थांबवायची. कोरड्या रस्त्यावर, ओल्या रस्त्यावर, वाळूची पोती भरून, घाटाच्या उतारावर. शेवटी कागदावर सही करायची. पण त्यांच्या विभागात एक रीत होती. सही करणाऱ्याने नंतर चाचणीच्या रस्त्यावर, गाडी जिथे थांबायला हवी त्या रेघेच्या पलीकडे, एक हात अंतर सोडून उभं राहायचं आणि शेवटची फेरी समोरून येऊ द्यायची. "सही काय, कुणी पण करतंय रे," अण्णा म्हणायचे, "रेघेला उभं राहा की, मग कळतं सही खरी का खोटी." अशी फेरी त्यांनी किती वेळा बघितली असेल देव जाणे. एकदाही मागे सरकलो नाही, हे मात्र ते अभिमानाने सांगत.

गंमत म्हणजे त्यांच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. सायकल होती. तिचे ब्रेक ते रोज सकाळी दाबून बघत आणि मग चालत बाहेर जात.

भाडेकरू ठेवताना लोक काय काय विचारतात. लग्न झालंय का, मांसाहार करता का, मित्र किती येतात. अण्णांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. माझी स्कूटर बघितली आणि म्हणाले, "त्या टोकाला जा, तिथून ये आणि ह्या रेघेला थांब." फाटकासमोर रस्त्यावर खरोखरच एक पांढरी रेघ होती. त्याचं असं होतं, की त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढत. त्यांची रांगोळी झाली की अण्णा उरलेली पूड घेऊन रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढत. अक्कांची रांगोळी रोज वेगळी, अण्णांची रोज तीच. मी रेघेच्या बरोबर आत थांबलो. "सरी, सामान घेऊन ये," असं म्हणून ते आत गेले, आणि मला घर मिळालं. सरी म्हणजे कानडीत ठीक.

त्यांचा आवडता शब्द 'साकु'. म्हणजे पुरे, भागलं, एवढं बस. अक्का भात वाढायला लागल्या की दुसऱ्या डावेला साकु. कॉफीत साखर अर्धा चमचा, साकु. मी माझ्या ऑफिसच्या गोष्टी रंगवून सांगायला लागलो की हात वर करून साकु. चिडून नव्हे, अगदी समाधानाने म्हणत. पुरेसं म्हणजे किती हे त्यांना नेमकं माहीत होतं, आणि त्याच्यापुढचं सगळं त्यांना गळ्यात अडकवलेल्या दागिन्यासारखं वाटायचं. मला हे कधी जमलं नाही. मला नेहमी थोडं जास्त हवं असायचं.

म्हणून तर मी ती गाडी घेतली. जुनी, पण स्पोर्ट्‌स कार. दोन माणसांपुरती, बुटकी, निळी, छप्पर उघडणारी. कॉलेजात असल्यापासून डोक्यात होती. फाटकातून आत आणताना अक्कांची कपडे वाळत घालायची दोरी सोडावी लागली. त्यांनी ती मुकाट्याने सोडली आणि परसात नेऊन बांधली. अण्णा गाडीभोवती तीनदा फिरले. "एवढी पळते म्हणतोस, थांबते किती ते बघूया की."

तोवर मी अशा गाड्या असलेल्यांच्या एका ग्रुपमध्ये सामील झालो होतो. दर रविवारी पहाटे निघायचं, शहराबाहेर नंदीच्या डोंगराकडच्या वळणांवर गाड्या पळवायच्या, इडली खाऊन परत यायचं. त्या ग्रुपवर रोज एकच विषय, की कंपनीने दिलेले ब्रेक अशा गाडीला पुरतात का. बहुतेकांचं मत, की पुरत नाहीत. शर्यतीत वापरतात ते पॅड टाकून घे, नाहीतर ही गाडी घेतलीस कशाला. मी हा प्रश्न अण्णांपुढे ठेवला आणि माझी अशी कल्पना, की ते दोन वाक्यांत उत्तर देतील. त्यांनी आठवडा घेतला.

पहिल्यांदा गाडीखाली सतरंजी टाकून झोपले आणि सगळं बघितलं. मग शनिवारी मला, अजून घरं न झालेल्या एका नव्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यावर घेऊन गेले. गाडी इतकी बुटकी, की त्यांना आत बसवायला आधी पाठमोरं करावं लागलं. छप्पर उघडं, म्हणून कानांवरून टॉवेल बांधलेला. "वेग घे. थांब. परत घे. थांब." वीस-बावीस वेळा झालं असेल. प्रत्येक वेळी उतरून चारही चाकांना हात लावायचे, पुन्हा पाठमोरे बसायचे. शेवटी टॉवेल सोडून घडी घातली.

"कंपनीचे ब्रेक साकु," ते म्हणाले.

"ग्रुपवाले म्हणतात, उतारावर तापले की पकडत नाहीत."

"तापतात कशाने? पाय ठेवून बसतोस म्हणून. उतारावर गिअर उतरव. ऑईल बदल, टायर चांगले ठेव, पाय निधान ठेव, सावकाश. बाकी कशाला हात लावू नको. कुठल्या तरी गावात माझ्यासारखाच एकजण ह्या गाडीपुढं उभा राहिला असणार रे. त्याचा मान ठेव स्वल्प."

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. थोडा तापला की कसलाही ब्रेक पकडतो. ब्रेक बघायचा तो थंड. घरातून निघताना, पहिल्या वळणावर, कुणीतरी अचानक समोर आलं तर. "शर्यतीत तुझ्यापुढं कोण पोरगं येणार आहे? गल्लीत येतंय."

त्यानंतर दर रविवारचा नेम ठरला. सकाळी सहाला मी गाडी काढायची, गल्लीच्या टोकाला नेऊन वळवायची, विजेच्या खांबापाशी चाळीसचा वेग धरायचा आणि ब्रेक लावायचा. अण्णा रेघेपलीकडे एक हात सोडून उभे. स्वच्छ धोतर, हात मागे. गाडी थांबली की खाली वाकून अंतर बघायचे आणि म्हणायचे, "सरी, जा आता." अक्कांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्या आत जाऊन देवघरात बसायच्या. मला सुरुवातीला घाम फुटायचा, पण पाच-सहा रविवारांनंतर सवय झाली. गाडी दर वेळी एका जागी थांबायची. समोरच्या गॅलरीतून शेजारी बघायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

इतकं सगळं डोळ्यांनी बघूनही मी पॅड बदलले. नंदीच्या उतारावर एकदा ग्रुपमधल्या एकाच्या मागे जाताना माझा ब्रेक थोडा मऊ लागला. मीच पाय ठेवून बसलो होतो, पण ते कबूल करण्यापेक्षा ब्रेकला नावं ठेवणं सोपं. इडली खाताना सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. "तुझ्या घरमालकांना विचारून चालवतोस का?" असं एकजण म्हणाला. त्याच आठवड्यात एका गॅरेजमध्ये जाऊन शर्यतीचे पॅड टाकून घेतले. गाडी बाहेरून तशीच दिसत होती. जुने पॅड खोक्यात घालून मी वर माझ्या कपाटात ठेवले. गॅरेजवाल्याने निघताना मला बजावलं होतं, "सर, हे गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी निघताना दोन-चार वेळा दाबून तापवून घ्या." मी बरं म्हटलं.

रविवारी सकाळी गाडी काढली तेव्हा ते वाक्य मला आठवत होतं. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. गल्लीच्या टोकाला जाताना मी ब्रेक दोनदा दाबलाही, पण तेवढ्याशा अंतरात काय तापणार. वळून बघितलं तर अण्णा रेघेपाशी उभे. आज नको अण्णा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, चाळीसच्या वेगाला असा काय फरक पडणार आहे.

खांबापाशी मी पाय दाबला. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागलं आणि गाडी मंद व्हायच्या ऐवजी चालतच राहिली. मी जीव खाऊन दाबला. शेवटी तिने पकडलं, पण तोवर रेघ मागे गेली होती. अण्णा हलले नाहीत. त्यांना बाजूला व्हायला वेळ होता, मी ते बघितलं. ते माझ्याकडे बघतही नव्हते, त्यांची नजर पुढच्या चाकावर होती. गाडी त्यांच्या मांडीला लागली आणि ते कुशीवर पडले. अक्का देवघरातून धावत आल्या तेव्हा मी गाडीतच बसलो होतो, पाय ब्रेकवर तसाच दाबून.

खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा एकच सांगत, की पोराचा दोष नाही, मीच उभा राहिलो. चौथ्या दिवशी इस्पितळात त्यांनी मला जवळ बोलावलं. अक्का पायथ्याशी संत्रं सोलत बसल्या होत्या. मला वाटलं, आता रागावतील. ते विचारू लागले, कामावर विचारत असतील तसं, एकेक करून.

"खांबापाशीच दाबलास?"

"हो अण्णा."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"टायरात हवा?"

"आदल्या दिवशीच बघितली होती."

"ऑईल?"

"नवीन आहे."

"ब्रेक कंपनीचेच?"

अक्कांनी सोललेली फोड माझ्यापुढे धरली होती. मी ती घेतली आणि म्हणालो, "हो अण्णा, कंपनीचेच."

का म्हणालो ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. त्यांनी घरातून काढलं नसतं, पोलिसांतही दिलं नसतं. बहुतेक 'सरी' म्हणून मान वळवली असती. ती वळलेली मान मला बघायची नव्हती. एवढ्यासाठी मी खोटं बोललो.

"मग मी चुकलो," अण्णा म्हणाले.

घरी जाऊन मी पहिलं काम केलं ते जुने पॅड परत बसवून घेण्याचं. कुणी बघायला येणार नव्हतं, तरी बसवले. दोन महिन्यांनी गाडी विकली. अक्कांना वाटलं, पश्चात्ताप म्हणून विकली. त्या म्हणाल्या, "कशाला रे विकलास, तुझी काय चूक?"

अण्णा वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायला लागले, पण फाटकाबाहेर पुन्हा गेले नाहीत. रस्त्यावरची रेघ बंद झाली, ते होणारच होतं. मला सहन झालं नाही ते दुसरंच. ते जुने दिवस काढून बसू लागले. एखादी बस रस्त्यावरून गेली की बोलणं सोडून तिच्या ब्रेकचा आवाज ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "छत्तीस वर्षं सही करून गाड्या सोडल्या. एक मी डोळ्यांदेखत चुकीची सोडली. न बघता किती सोडल्या असतील की. एखादी कुणाच्या दारात थांबली नसेल तर?" मी म्हणालो, असं कसं होईल अण्णा, तुम्ही एवढं तपासायचात. "ही पण तपासली होती," ते म्हणाले. तो क्षण सांगायचा होता. मी उठून त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली.

चिकपेटला साड्यांचं दुकान असलेला त्यांचा एक भाचा आहे. त्यानेही त्या सुमाराला एक वेगवान गाडी घेतली आणि पेढे घेऊन आला. मी तिथेच बसलो होतो. त्याने सहज विचारलं, "मामा, कंपनीचे ब्रेक ठेवू का दुसरे टाकू? तुम्ही म्हणाल तसं." अण्णांनी पेढा हातात तसाच धरला. "मला विचारू नको रे. मला कळतं असं मला वाटत होतं. टाकून घे दुसरे." भाचा गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पण टाकणार होतास. मीच नको म्हटलं. माझं ऐकलंस आणि तुझ्या हातून हे झालं. माफ कर मला." त्यांनी हात जोडले. वयाने माझ्या दुपटीहून मोठा माणूस, मोडका खुबा सांभाळत बसलेला, माझ्यापुढे हात जोडत होता आणि मी ते हात धरून म्हणालो, "असं नका म्हणू."

त्यानंतर मी ऑफिसच्या जवळ जागा बघितली. कारण काय, तर रोजचा प्रवास. सुरुवातीला दर रविवारी जायचो, मग महिन्यातून एकदा, मग फोन. दर खेपेला मेट्रोत ठरवायचो की आज सांगायचं, आणि परत येताना पुढच्या खेपेवर टाकायचो. पावसाळ्यात त्यांना छातीचा संसर्ग झाला. मला कळवलं त्याच दिवशी ते गेले.

दिवस उरकल्यावर मी अक्कांना भेटायला गेलो. माणसं पांगली होती. त्या मधल्या खोलीत अण्णांची धोतरं घड्या घालून पेटीत ठेवत होत्या, कुणाला तरी द्यायची होती म्हणून. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. गॅरेजवाला काय म्हणाला ते, कपाटातलं खोकं, इस्पितळातलं उत्तर, सगळं. मी थांबलो तेव्हा त्यांच्या हातातली घडी अर्धी राहिली होती.

"म्हणजे ते चुकले नव्हते?"

"नव्हते, अक्का. ते म्हणत होते तेच खरं होतं."

त्यांनी घडी पूर्ण केली, पेटीत ठेवली, वरून हात फिरवला.

"मला सांगून काय रे उपयोग?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "वर्षभर रोज समजावत होते मी त्यांना. जाऊ दे म्हणायची, माणूस एकदा चुकतो की. मी पण त्यांना चूकच म्हटलं."